चौथ्या मजल्यावरचं घड्याळ

आत्या, त्या बुधवारी सकाळी मी तुझ्याशी खोटं बोलले. आधी तेवढं लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

सव्वाअकरा वाजले होते. भेटायची वेळ अर्ध्या तासाची, त्यातली निम्मी लिफ्टच्या रांगेत गेली होती. तुझ्या नाकात नळी होती, डाव्या हाताला सलाईन, आणि उजव्या हाताची बोटं चादरीवर खडू धरल्यासारखी मिटलेली. तीन महिन्यांनी मी तुझ्यासमोर धड उभी होते. आदर्श नगरच्या एकाच घरात, वर तू आणि खाली आम्ही, आणि तीन महिने जिन्यात एकमेकींना वाट करून देण्यापलीकडे आपला संबंध उरला नव्हता.

"काहून गं वसू, किती वाजले?" तू विचारलंस.

"सव्वाअकरा."

"हा चौथा मजला आहे. इथलं घड्याळ तुमच्या खालच्या घड्याळापेक्षा पुढे पळते. जे करायचं ते लवकर कर."

बाबा हसले. मला हसू आलं नाही, कारण पुढचा प्रश्न कोणता येणार ते मला माहीत होतं.

"काढलंस?"

"काढलं," मी म्हणाले.

"दाखव."

"घरी आहे. उद्या आणते."

तू माझ्याकडे पाहिलंस. वही घरी राहिली असं सांगणाऱ्या किती मुलींकडे तू असं पाहिलं असशील! मग "उद्या आण" म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

शुद्धिपत्र निघालं नव्हतं. त्याची एक ओळसुद्धा मी लिहिली नव्हती.

तुला सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून थोडं मागे जाते. कंटाळू नकोस. तूच म्हणायचीस की मधली पायरी गाळली की उत्तर बरोबर असलं तरी गुण कापायचे.

मी अक्षरं पाटीवर शिकले नाही. बाबा विमा कंपनीच्या ऑफिसातल्या युनियनचे सेक्रेटरी. आमच्या दाराशी चपलांच्या शेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी आपली आपण वाचलेला पहिला शब्द "साथियो". दुसरा बहुधा "संघर्ष". घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि दोन्हींची लिपी एकच असल्यामुळे कोणता शब्द कुठला हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही. आमची मराठी जयपूरने चांगलीच पातळ केली. तुझी मात्र वर्ध्याची ती वर्ध्याचीच राहिली. मुलींच्या शाळेत दिवसभर हिंदीत भौतिकशास्त्र शिकवून तू घरी यायचीस आणि जिन्यातूनच हाक मारायचीस, "काय करून राहिली गं पोरगी?"

बाबांकडून मी एक नियम शिकले. छापलेला शब्द मागे घ्यायचा नाही. मागे घेतला की समोरच्याच्या हाती तुमचे दोन शब्द लागतात, पहिला आणि मागे घेतल्याचा. तुझ्याकडूनही एक नियम शिकले, पण तो नियम आहे हे कळायला मला फार उशीर झाला.

मी आठवीत होते तेव्हा तू मला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं होतंस. तुझं मनगटी घड्याळ माझ्या हातात दिलंस, बाबांचं घेऊन तू वर गेलीस, आणि कठड्यावरून वाकून विचारलंस, "दोन्ही घड्याळं अगदी नेमकी आहेत असं समज. वर्षभराने मी खाली आले, तर दोघींच्या घड्याळांत एकच वेळ दिसेल?"

"दिसेल."

"नाही दिसणार. तू पृथ्वीच्या जास्त जवळ बसून राहिली आहेस. एवढ्या मोठ्या वस्तुमानाजवळ काळ हळू चालतो. तुझं घड्याळ मागे असेल, माझं पुढे."

"कोणतं बिघडलं मग?"

"एकही नाही." तू इतकी खूश झालीस, जणू मी उत्तरच दिलं होतं. "तुझ्यासाठी तुझा सेकंद सेकंदाएवढाच. माझ्यासाठी माझा. फरक भेटल्यावर कळतो."

मग तू हेही सांगितलंस की एका मजल्याने आख्ख्या आयुष्यात पडणारा फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकाही नाही. माझा विरस झाला. तू म्हणालीस, थोडा आहे म्हणजे खोटा नाही. वर अंतराळात फिरणाऱ्या उपग्रहांतली घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा पुढे जातात, म्हणून ती आधीच तेवढी हळू लावून पाठवतात. नाही पाठवली तर रस्ते दाखवणारी यंत्रं भलतीकडे नेतील. त्या दिवसापासून घरात तुझा विनोद ठरून गेला. बाजारातून पिशव्या घेऊन आलीस की पहिल्या पायरीवर थांबून म्हणायचीस, "तुम्ही खालचे लोक. तुमचा काळ हळू. मी वरची, मीच आधी म्हातारी होणार."

आता या विनोदाचं काय करायचं, ते मला कळत नाही.

सापेक्षतेच्या सिद्धांताला शंभर वर्षं झाली, त्या वर्षी आमच्या गटाने पत्रक काढायचं ठरवलं. आम्ही पाचजण होतो, कॉलेज नुकतंच संपलेले. ताईत, भूतबाधा, हातावरच्या रेषा यांच्याविरुद्ध पत्रकं काढून बसस्टँडवर आणि भाजीबाजारात वाटायचो. लोक त्यात शेंगदाणे गुंडाळायचे, तरी आम्ही वाटायचो. या वेळी विज्ञानातलं आश्चर्य लोकांपर्यंत न्यायचं होतं, आणि मजकूर माझ्याकडे होता.

जानेवारीतली दुपार होती. तू गच्चीवर पाठीला ऊन घेत मटार सोलत होतीस. मी कागद तुझ्यापुढे धरला. तू चष्मा कपाळावरून खाली घेतलास.

"या, पत्रकबाई. हे काय लिहून राहिली तू? 'जो जितना भारी, उसका समय उतना धीमा.'"

"घोषवाक्य आहे. वर मोठ्या टाइपात येईल."

"चूक आहे."

"चूक कशी? तूच शिकवलंस."

"मी काय शिकवलं? मोठ्या वस्तुमानाच्या *जवळ* काळ हळू. जवळचा शब्द कुठे गेला?" तू मटाराचा एक दाणा उचललास. "हा दाणा आणि हे पातेलं. दोन्हींत एकेक घड्याळ आहे समज. पातेलं जड आहे म्हणून त्याचं घड्याळ मागे पडेल?"

"नाही?"

"नाही. घड्याळ शेराचं असो की मासाभराचं, ते स्वतः किती जड आहे हा प्रश्नच नाही. ते कोणाजवळ आहे आणि किती जवळ, हा प्रश्न आहे. लोलकाचं घड्याळ तेवढं मधे आणू नको, त्याची भानगड वेगळी. आणि 'भारी' म्हणजे काय गं? वजन म्हणतेस की वस्तुमान?"

"आत्या, रस्त्यावरचा माणूस हे विचारत नाही."

"म्हणून आपण विचारायचं. आणखी एक. शंभर वर्षं झाली ती वेगाच्या गोष्टीला. वस्तुमानाजवळ काळ मंदावतो ही गोष्ट त्यानंतरची. वाढदिवस एकाचा आणि केक दुसऱ्याच्या नावाचा!"

मी चिडले. पत्रक म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, माणूस बस पकडायला धावत असतो, त्याला एकच ओळ मिळते, असं मी तुला सांगितलं. ती ओळ डोक्यात बसली तर बाकीचं तो पुढे कधीतरी शिकेल.

"एकच ओळ दे," तू म्हणालीस, "पण खरी दे."

मी ती ओळ तशीच छापली. "के पास" हे दोन शब्द घातले असते तरी भागलं असतं. ठेका बिघडत होता म्हणून मी ते घातले नाहीत.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी बससाठी शनी मंदिराच्या कोपऱ्यावर उभी होते. तेलाच्या बाटल्या आणि काळे उडीद विकणाऱ्यांच्या पुढे एक ज्योतिषी छत्रीखाली टेबल मांडून बसतो. त्याच्यापुढे सात-आठजणांची रांग होती. टेबलाला लावलेल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: "विज्ञान ने भी माना. शनि भारी, तो समय धीमा." त्याखाली, प्लॅस्टिकमध्ये नीट बंद केलेलं, आमचं पत्रक होतं.

मी रांग मोडून पुढे गेले.

"ये किसने लगाया?"

त्याने वर पाहिलं. पन्नाशीचा, शांत माणूस. "मैंने लगाया, बाईजी. क्यों, क्या हुआ?"

"ये हमारा पर्चा है."

"अच्छा, आपका है?" त्याला मनापासून आनंद झाला. "बहुत बढ़िया लिखा है आपने. हम तो बाप-दादा के टाइम से यही कह रहे हैं."

रांगेतली एक बाई मला समजावू लागली. तिच्या मुलीचं लग्न दोन वर्षं जमत नव्हतं. "शनि भारी है ना, इसलिए टाइम रुका हुआ है," ती म्हणाली, आणि माझ्या पत्रकावर बोट ठेवून म्हणाली, "साइंस में भी है." मुलगी शेजारीच उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मान खाली. रुकलेली ती होती म्हणे, आणि मोठ्या टाइपात ते सिद्ध करणारी मी.

तशीच घरी आले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर तुझ्याकडे आले. त्या माणसाची लबाडी, लोकांचं अज्ञान, सगळं मी ओरडून सांगितलं. मला वाटलं होतं तूही संतापशील.

"त्याने काय लबाडी केली?" तू विचारलंस. "तुझंच वाक्य उचललं. भुसभुशीत जमीन ठेवली की कोणीही खणून नेते."

"आत्या!"

"तू 'जवळ' लिहिलं असतं तर त्याला काय मिळालं असतं? शनी सगळ्यांपासून सारखाच लांब. काळाचं त्याच्यामुळे काही होत असलंच तर ते माझं, तुझं, त्या पोरीचं आणि त्या पंडिताचं सारखंच होईल. मग त्याच्याकडे रांग कशाला लागेल? शुद्धिपत्र काढ."

"मी? त्याच्यापुढे मान खाली घालू?"

"त्याच्यापुढे नाही. वाक्यापुढे."

मग मी सगळे मुद्दे काढले. शुद्धिपत्र काढलं की उद्या आम्ही काहीही छापलं तरी ते आमच्या तोंडावर मारलं जाईल. गटाची पत जाईल. मुळात ते वाचणार कोण? तुझं सगळ्यालाच एक उत्तर होतं, "मग काय झालं?" शेवटी मी ते वाक्य बोलले. आत्या, तेही इथे लिहायला हवं.

"तुझं सोपं आहे," मी म्हणाले. "तू कधी रस्त्यावर उभी राहिली नाहीस. जन्मभर फळ्यावर लिहिलंस आणि डस्टरने पुसलंस. चुकलं तर कुणाला कळलंही नाही. मी छापते."

चहा उकळून वर येत होता. तू उठलीस, गॅस बंद केलास, आणि एकच कप गाळलास.

तिथून तीन महिने. जिन्यात तुझ्या पावलांचा आवाज आला की मी आत थांबायचे. तू माझा आवाज ऐकून वर थांबत असशील. बाबा दोन्हीकडे जेवायचे आणि दोन्हीकडे गप्प असायचे. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "युनियनमध्ये असतो तर सांगितलं असतं की मागे घेऊ नको. घरात आहे, म्हणून काही सांगत नाही." मे महिन्यात तू गुलकंदाची बरणी आमच्या दाराशी ठेवून गेलीस. मी ती रिकामी करून, घासून तुझ्या दाराशी ठेवली. चिठ्ठी तू ठेवली नव्हतीस, मीही ठेवली नाही. बरणी परत देताना तोंडाने काहीतरी म्हणावं, एवढी साधी रीतसुद्धा मी पाळली नाही. तत्त्वाचा प्रश्न होता ना.

आणि मग जुलै, तो चौथा मजला, आणि "काढलं".

त्या बुधवारी लिफ्टची वाट न बघता मी जिन्याने खाली उतरले. तू म्हणालीस तसं, प्रत्येक मजल्याला माझं घड्याळ तुझ्या घड्याळाच्या मागे पडत होतं. मला वाटत होतं, चार मजले, कितीसा फरक पडतो? सेकंदाचा कणसुद्धा नाही. पण मला घाई सुटली होती. चौडा रास्त्यावरच्या असलमभाईंच्या प्रेसमध्ये मी साडेबाराला पोचले आणि काउंटरवरच मजकूर लिहायला बसले. आयुष्यात इतकं जड लिखाण मी केलेलं नाही. पाच ओळींसाठी चार कागद फाडले. पहिल्या मसुद्यात "कुछ लोगों ने हमारे वाक्य का गलत अर्थ लगाया" असं होतं. फाडला. दुसऱ्यात "छपाई में भूल रह गई" असं होतं. असलमभाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"छपाई में कहाँ रही, बेटा? छपाई तो हमने बराबर की थी."

तोही फाडला. शेवटी उरलं ते असं: "हमने लिखा था: जो जितना भारी, उसका समय उतना धीमा. यह गलत है. गलती हमारी थी. सही यह है: भारी पिंड के जितना पास, घड़ी उतनी धीमी. घड़ी खुद भारी हो या हल्की, फर्क नहीं पड़ता. शनि हम सबसे इतनी दूर है कि आपकी और आपके पड़ोसी की घड़ी में वह कोई फर्क नहीं डालता."

मशीनवर दुसरं काम लागलेलं होतं. असलमभाई म्हणाले, कल सुबह नौ बजे, सबसे पहले.

गुरुवारी नऊला मी प्रेसच्या दारात होते. साडेनऊला मशीन सुरू झालं. पहिला कागद निघाला तो मी ओलाच उचलला. शाई अंगठ्याला लागली. तेवढा एक घेऊन निघायचं आणि भेटायच्या वेळी तुझ्या हातात द्यायचा, असं ठरवलं होतं. खिशातला फोन वाजत होता. मशीनच्या आवाजात मला तो ऐकू आला नाही. बाहेर आले तेव्हा बाबांचे चार मिसकॉल दिसले, आणि मला कळलं.

तो कागद घेऊन मी तरीही आले. तुझी बोटं तोवर सरळ करून ठेवलेली होती.

बाबांच्या तत्त्वानुसार आम्ही दिवस-वार काही केले नाहीत, पण दहा दिवसांनी, रविवारी, माणसं येतच राहिली. त्यांच्यात शहराच्या मानसरोवर भागातून स्कूटरवर आलेली एक बाई होती, सुनीता. बँकेत आहे, तुझी अकरावीची विद्यार्थिनी. मग पर्समधून एक पोस्टकार्ड काढून तिने माझ्या हातात दिलं. तुझं अक्षर. हिंदी, पण "ल" मराठी वळणाचा.

तू लिहिलं होतंस: प्रिय सुनीता, अकरावीत मी तुम्हाला सांगितलं होतं की वेग वाढला की वस्तूचं वस्तुमान वाढतं. त्या वेळच्या पुस्तकांत तसंच असायचं. पुढे वाचल्यावर मला कळलं की ही जुनी भाषा आहे आणि तिने गैरसमज होतो. वस्तुमान तेच राहतं. वाढतात ते ऊर्जा आणि संवेग. मी आधीच अधिक वाचायला हवं होतं. चूक माझी. आपल्या वहीत दुरुस्त करून घे. तुझी कुमुद मॅडम.

"शादी के छह साल बाद आया था," सुनीता म्हणाली. "मैं तो डर गई, मैडम को कुछ हो गया क्या. मेरे पति बहुत हँसे. वो कॉपी तो कब की रद्दी में चली गई थी."

"सिर्फ आपको आया?"

"नहीं, हमारे पूरे बैच को. जिसका भी पता मिला होगा." तिने कार्ड माझ्या हातून परत घेतलं. ते ती देणार नव्हती, फक्त दाखवायला आणलं होतं. "पहली बार किसी बड़े ने मुझसे कहा था कि गलती मेरी थी. इसलिए रखा है."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. फळ्यावर लिहिलंस आणि डस्टरने पुसलंस, असं मी तुला म्हणाले होते. चुकलं तर कुणाला कळलंही नाही, असं म्हणाले होते. आणि तू चहा गाळायला उठलीस. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. तू ते का बोलली नाहीस? त्यावर मी अजून तुझ्याशी भांडते आहे. तू सांगितलं असतंस तर मी लाजेने त्याच दिवशी शुद्धिपत्र काढलं असतं. कदाचित म्हणूनच सांगितलं नसशील. लाजेने काढलेलं तुला नको असेल. पण त्या हट्टापायी आपले तीन महिने गेले, आत्या, आणि ते एकट्या माझ्यामुळे गेलेले नाहीत. हे तुझ्या तोंडावर म्हणायचं राहिलं, म्हणून इथे म्हणते.

काल शनिवार होता. मी गठ्ठा घेऊन निघाले, तर बाबा दारात चपला घालून उभे. अर्धा गठ्ठा त्यांनी माझ्या हातून काढून घेतला. जन्मभर पत्रकं वाटलेला माणूस, मागे घेतलेला शब्द पहिल्यांदाच वाटणार होता. मंदिराच्या कोपऱ्यावर त्यांनी सवयीने "साथियो" अशी सुरुवात केली आणि अडखळले. मग नुसतंच म्हणाले, "भाईसाहब, पढ़ लीजिए. हमसे भूल हुई थी."

मी ज्योतिष्याकडे गेले. तो हसेल, रांगेला वाचून दाखवेल, त्याला अजून एक शब्द सापडेल, बाबांच्या नियमातलं सगळं मला आठवत होतं. त्याने कागद दोन्ही हातांनी धरून पूर्ण वाचला. ओठ हलवत.

"मतलब भारी होने से कुछ नहीं होता?"

"पास होने से होता है."

"और शनि पास नहीं है."

"किसी के भी नहीं."

मग फलकाच्या खिळ्याला अडकवलेलं आमचं जुनं पत्रक त्याने सोडवून माझ्या हातात दिलं. वरचा फलक तसाच ठेवला. "वो मेरा है," तो म्हणाला. "आपका आप ले जाइए."

एवढंच. फलक पुढच्या शनिवारीही असेल. मी तिथे परत जाईन, वाद घालीन, पण आता माझ्या बाजूने कुठल्याच वाक्याची उधारी राहिलेली नाही.

परत येताना बाबा बसमध्ये म्हणाले, "त्या बुधवारी संध्याकाळी मी तिच्याजवळ होतो. तिने मला विचारलं, वसू प्रेसवर पोचली का."

"काय विचारलं?"

"पोचली का, असं. मी म्हणालो, अगं, तिने तर काढलं म्हणून सांगितलं ना सकाळी? तर म्हणाली, नाही काढलं. पण आता काढते."

म्हणजे तुला माझं खोटं कळलं होतं, आणि मी जिना उतरून कुठे जाणार तेही. "उद्या आण" हे तू खोटं बोलणाऱ्या मुलीला नाही, उद्या खरंच आणणाऱ्या मुलीला म्हणाली होतीस.

आता मी इथे लिहिणार होते की तुझ्याजवळ होते तेव्हा काळ हळू चालायचा आणि तू गेल्यापासून तो पळत सुटला आहे. लिहिलंही होतं. मग तुझा लाल पेन दिसला. "काहून गं? मी काय पृथ्वी आहे? माझं वस्तुमान किती, अंतर किती, फरक किती निघते ते मांड आणि मग लिही." मांडून पाहिलं. फरक इतका थोडा निघतो की कुठल्याही घड्याळात दिसणार नाही.

थोडा आहे. खोटा नाही.

शुद्धिपत्राची एक प्रत वर तुझ्या टेबलावर ठेवली आहे, चष्म्याखाली. अंगठ्याचा डाग पडला ती. तपासून ठेव.